हर्णै ते जयगड शिडाच्या बोटीने एकट्याने जाण्यात नक्की धोका काय?

सागरवेडा:
मुंबईत सेलिंग शिकलोय, छोटी शिडाची बोट आहे, जानेवारीत एकट्याने हर्णैहून जयगड गाठायचा विचार आहे. किनारा सतत दिसणारच, फोनमध्ये जीपीएस आहे, मग हरवायचा प्रश्न येतो कुठे? आई मात्र ऐकायला तयार नाही. घाबरवू नका, खरं काय ते सांगा.

पाजपंढरीकर:
जानेवारीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून बाहेर ढकलतो, त्यात ओहोटी असली आणि शीड फाटलं किंवा इंजिन बसलं की किनारा दिसता दिसता लांब जातो. दुपारी वारा फिरतो, वायव्येकडून येतो, तो तुम्हाला पाठीवर मिळेल, पण दाभोळ खाडीच्या तोंडाशी ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की लाटा वेड्यावाकड्या उठतात. आणि रात्री जाळ्यांचे बोये दिसत नाहीत हो, इंजिनच्या पंख्यात दोरी अडकली तर सोडवायला दुसरा माणूस नको का?

एकटाशीड:
हरवण्याचं सोड, एकट्याला खरी भीती बोटीवरून पडण्याची. ऑटोपायलट लावलेला असतो, तू पाण्यात आणि बोट आपली चाललीये पुढे, पोहून गाठणं विसर. हार्नेस, म्हणजे बोटीला जोडून ठेवणारा पट्टा, बांधल्याशिवाय डेकवर पाय ठेवायचा नाही, लघवीला उभं राहतानासुद्धा!! अभिलाष टॉमी नौदलाचा माणूस, २०१३ मध्ये एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण केलेला, तरी सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला असा मार की उठता येईना. तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने उचललं. वाचला कारण बोटीवर बीकन (संकटात सॅटेलाइटमार्फत आपली जागा कळवणारं यंत्र) आणि सॅटेलाइटवर मेसेज पाठवायची सोय होती, त्यामुळे तो कुठे आहे हे शोधणाऱ्यांना माहीत होतं.

सागरवेडा:
फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये ठेवणार होतो, तेवढं पुरे ना?

एकटाशीड:
नाही रे बाबा. बाहेर गेलास की रेंजचा भरवसा नाही, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. हातातला व्हीएचएफ रेडिओ घे, मदत मागायचा चॅनल १६ लावून ठेव, आणि एक छोटा बीकन अंगावर, बोटीवर नाही. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर आईच्या फोनमध्ये टाक, किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर फोन करायचा ते तिच्याशी आधीच ठरव. बहुतेक त्यानेच ती तयार होईल.

पाजपंढरीकर:
निघायच्या आदल्या संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाला या, आमचे तांडेल (बोट चालवणारे) भेटतील, जाळी कुठे लावलीत ते विचारून घ्या. पौर्णिमा-अमावस्येचं उधाण टाळा बरं का. आणि जमलं तर एक खलाशी सोबत घ्याच.