जुनी ट्रेलब्लेझर एसएस: गिअरबॉक्सवर ताण न येता कोणते बदल करता येतील?

साधा_पाना

सेकंडहँड शेव्हरले ट्रेलब्लेझर एसएस (जोरदार इंजिनाची एसयूव्ही), 2007 ची, ऑल व्हील ड्राइव्ह. 6.0 लिटर एलएस2 इंजिन, 4एल70ई गिअरबॉक्स (चार गिअरचा ऑटोमॅटिक). इंजिनाचं कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरमध्ये सारखं आहे. गिअरबॉक्स कधी उघडला होता का, याची नोंद नाही. डोक्यात असलेली यादी: कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला थंड हवा देणारी नळी), लाँग ट्यूब हेडर (एक्झॉस्टच्या लांब नळ्या), ट्यून (कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), मूळ 255/50 आर20 च्या जागी 275/55 आर20 टायर, आणि पुढे कधीतरी कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा). एरवी गिअर गुळगुळीत पडतात, पण पूर्ण पेडल दाबलं की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम क्षणभर वर उसळतो. यातलं काय आधी करावं आणि काय टाळावं?

चौथा_गिअर

तुमची यादी वाचण्याआधी शेवटून दुसरं वाक्य वाचायला हवं. 2-3 ला आरपीएम उसळतो म्हणजे 3-4 क्लच (तिसऱ्या-चौथ्या गिअरला पकडणाऱ्या प्लेटांचा संच) घसरतोय, किंवा त्याला पुरेसं प्रेशर पोहोचत नाही. या गिअरबॉक्सचं मर्मस्थान तेच. कारण सापडेपर्यंत पूर्ण पेडल कृपया बंद. घसरणारा क्लच दर शिफ्टला थोडा जळतो आणि जळलेली प्लेट पुन्हा पकड धरत नाही.

ताण किती आहे ते बघा. इंजिनाचा मूळ टॉर्क साधारण 540 न्यूटन-मीटर. पहिला गिअर 3.06 चा, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर पडतानाच 1,650 च्या आसपास, आणि जागेवरून निघताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधली तेलाची जोडणी) त्यात आणखी भर घालतो. गाडी दोन टनांच्या पुढची. आणि हा गिअरबॉक्स मुळात 1980 च्या दशकातल्या 700आर4 चा वंशज. प्लॅनेटरी गिअरसंचाला पाच पिनियन (छोटे गिअर) दिले, पण 3-4 क्लच मात्र इनपुट ड्रममध्ये (क्लच बसतात त्या डब्यात) तसाच दाटीवाटीने बसलेला आहे. कंपनीतून आली तेव्हाच ही गाडी त्याच्या क्षमतेच्या काठावर होती.

आधी ऑइल पॅन खोला. साधारण 4.7 लिटर तेल निघेल, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं आणि ते राहू द्या. पॅनमधल्या मॅग्नेटवर करडी, बोटाला मऊ लागणारी पेस्ट असेल तर चिंता नाही. काळे पापुद्रे म्हणजे क्लचचं अस्तर, पितळी चमक म्हणजे बुश, आणि नखाला टोचणारे कण म्हणजे स्टीलचे भाग झिजताहेत. तेलाला करपल्याचा वास असेल तर नवं तेल घालून काही साधणार नाही, गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

फिल्टर ओढला की त्याचं रबरी सील बहुतेक वेळा पंपाच्या भोकातच अडकून राहतं. त्यावरच नवं सील दाबलं तर फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. जुनं सील एका बाजूने आत दुमडून काढा, भोकाच्या भिंतीला ओरखडा येऊ देऊ नका. पॅनचे बोल्ट 11 न्यूटन-मीटर, त्यापुढे नाही. जास्त आवळले की पॅनची कड वाकते आणि गॅस्केट तिथूनच गळतं. तेल डेक्स्रॉन-6. आधी 4 लिटर भरा, इंजिन सुरू करून ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये तीन-चार सेकंद थांबा. मग पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून, तेल 80 ते 90 अंशांवर आल्यावर पातळी बघून उरलेलं घाला.

मशीनने फ्लश करू नका. "तेल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" असं जे ऐकू येतं, त्यात बहुतेक वेळा क्लच आधीच संपलेला असतो, पण जोराच्या फ्लशने सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाला वाट देणाऱ्या झडपांच्या भागात) जाऊन बसणं हा खरा धोका आहे.

टॉर्क_पाना_11

वरच्याशी सहमत. टायरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. 255/50 आर20 चा व्यास 763 मिलिमीटर, 275/55 आर20 चा सुमारे 810. सहा टक्के फरक. डिफरन्शियलचं गिअर गुणोत्तर 4.10 असेल तर ते जणू 3.86 झालं. गाडी हलवायला इंजिन आणि कन्व्हर्टर दोघांना जास्त झटावं लागतं, कन्व्हर्टर जास्त वेळ घसरतो आणि ती सगळी उष्णता तेलात उतरते. शिवाय चाकही जड. रुंदी हवी असेल तर 275/45 आर20 घ्या, व्यास 756 च्या आसपास राहतो. चारही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे हवेत. पुढच्या-मागच्यांत फरक असला की सरळ रस्त्यावरही ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) आतल्या आत घासत राहते.

इनटेक आणि हेडरची भीती नको. त्यांचा फायदा मुख्यतः वरच्या आरपीएमला मिळतो. गिअरबॉक्स मारतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क. म्हणूनच सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) या बॉक्सवर, तो आतून मजबूत केल्याशिवाय, बसवू नये.

साधा_पाना

पॅन खोलला. तेल गडद तपकिरी, करपका वास नाही. मॅग्नेटवर करडी पेस्ट, टोचणारं काही नाही. काळे पापुद्रे दोन-तीन, तांदळाच्या कणीएवढे. स्कॅनरवर गर्दीत तेलाचं तापमान 108 अंश. कन्व्हर्टर लॉक असताना घसरण 25 आरपीएम. बिघाडाचा कोड नाही. ट्यूनमध्ये टॉर्क मॅनेजमेंट काढून टाकलं तर शिफ्ट कडक होऊन घसरण थांबेल का?

चौथा_गिअर

नाही, ते अजिबात काढू नका. शिफ्टच्या क्षणी कॉम्प्युटर स्पार्क मागे घेऊन टॉर्क कमी करतो, तो क्लच वाचावा म्हणूनच. ते काढलं की तोच क्लच पूर्ण टॉर्क अंगावर घेऊन पकडायला बघतो. ट्यूनमध्ये मागायच्या गोष्टी वेगळ्या: जास्त टॉर्कवर लाइन प्रेशर (गिअरबॉक्सच्या तेलाचं मुख्य प्रेशर) थोडं वाढवा, शिफ्टचा वेळ थोडा कमी करा, आणि 2-3 शिफ्ट 6,000 ऐवजी 5,600 ला घ्या. क्लचला जिरवावी लागणारी इंजिनाच्या फिरण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे एवढ्यानेच ती सुमारे 13 टक्के घटते. प्रेशर सगळीकडे कमाल करून ठेवू नका, नाहीतर प्रत्येक 1-2 शिफ्टचा धक्का सन शेलच्या (आतल्या मधल्या गिअरला जोडलेल्या कवचाच्या) स्प्लाइनवर, म्हणजे दात्यांवर, बसतो. ते तुटलं की दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जातात.

तुमचे आकडे वाईट नाहीत. कन्व्हर्टर ठीक आहे. 108 मात्र जास्त आहे. प्लेट-फिन प्रकारचा कूलर एसी कंडेन्सरच्या पुढे बसवा, रेडिएटरमधल्या कूलरच्या नंतर. नळीच्या क्विक-कनेक्ट जोडाचा टक् आवाज आला आणि ओढून सुटत नाही, एवढी खात्री केल्याशिवाय गाडी हलवू नका. गर्दीत 95 च्या आत राहिलं की पुरे.

टॉर्क_पाना_11

सर्व्होही (बँड आवळणारा पिस्टन) बघा. तिसऱ्या गिअरचं जे तेल 3-4 क्लचला जातं, तेच 2-4 बँडचा (दुसऱ्या-चौथ्या गिअरला ड्रम आवळणाऱ्या पट्ट्याचा) सर्व्हो सोडवतं. सर्व्होची सील गळत असतील तर क्लचचं प्रेशर तिथे वाया जातं. तो उजव्या बाजूला बाहेरूनच निघतो: झाकण दाबून धरायचं, सर्कलिप काढायची. सील नवीन घाला, बोअरला (पिस्टनच्या भोकाला) ओरखडे आहेत का बघा. कॉर्वेटचा मोठा पिस्टन यातच बसतो, पण त्याने 1-2 शिफ्ट सुधारते. तुमची तक्रार 2-3 ची आहे, तेव्हा नुसत्या सीलनेच सुरुवात करा.

एवढं करूनही आरपीएम उसळला तर बॉक्स उतरवायची वेळ आली. मग एकदाच सगळं: 3-4 क्लच पॅक, इनपुट ड्रमचे पिस्टन आणि सील, हार्डन केलेलं सन शेल, आणि व्हॉल्व्ह बॉडीत कन्व्हर्टर क्लचच्या व्हॉल्व्हचं बोअर रीम करून (भोक मोठं करून) मोठा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्टचा विचार त्यानंतर. 4एल80ई (जड कामाचा मोठा गिअरबॉक्स) दणकट आहे, पण क्रॉसमेंबर, प्रोपेलर शाफ्टची लांबी, ट्रान्सफर केसची जोडणी आणि वायरिंग सगळंच बदलावं लागतं. आणि बॉक्स उघडला तर बाहेरचा जुना कूलर फेकून द्या, रेडिएटरमधल्याच्या नळ्या दोन्ही दिशांनी धुऊन घ्या. त्यात अडकलेले कण पहिल्याच दिवशी नव्या बॉक्समध्ये परत येतात.