अनुभव धागा : स्वतः बांधलेली कामाची वस्तू, आणि ती पहिल्यांदा कुठं फसली

बेळगाव, अनगोळ

गेल्या आठवड्यात घरातल्या जुन्या टेबलाला एक खण करायला घेतला. धंद्यानं मी पॅटर्नमेकर. उद्यमबागेत फाउंड्रीसाठी (ओतकामाच्या कारखान्यासाठी) लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतायचा साचा घेतात तो नमुना, करण्यात पंचवीस वर्षं गेली, म्हणजे खण हे चहा निवेपर्यंत संपायचं काम. टेपनं जागा मोजली, ४५० मिलिमीटर. लाकूड आखलं, कापलं, जोडलं. खण आत जाईना! साडेचार मिलिमीटर जास्त. बायको दारात उभी राहून म्हणाली, "लोकांचं बरोबर करून देता की ओ."

घोटाळा असा झाला की लाकूड आखताना हाताला कामावरची पट्टी आली. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस थंड होताना साधारण शंभराला एक या हिशेबानं आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून आमच्या पट्टीवरचे मिलिमीटरच मुळात लांब आखलेले असतात. मोजलं एका पट्टीनं, कापलं दुसरीनं. माझा खण ओतायला दिला असता तर बिडात अगदी बरोबर आला असता.

तर मंडळी, घरासाठी किंवा फिरतीच्या कामासाठी तुम्ही स्वतः काय बांधलंत ते लिहा. गाडा, पाट, पेटी, अवजार, काहीही चालेल. पूर्ण झालेल्याची शोभा नको, पहिल्यांदा कुठं फसलं आणि मग काय बदललं ते हवं. मापं लिहा. भाव लिहू नका, पुढच्या महिन्यात त्यांचा उपयोग नसतो. आणि "साहित्य चांगलं वापरा" असलं मोघम कुणी लिहू नये, कुठलं ते सांगा.

रायबाग

माझं सायकल कोळपं, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं अवजार. सोयाबीनला आमच्याकडं बैलाचं कोळपं चालायचं, पण आता गल्लीत एकच बैलजोडी राहिली आणि तिचा मालक वाफसा (जमिनीत कामापुरती ओल) बघून नव्हे, मर्जी बघून येतो. थोरल्याची सायकल गोठ्यात पडून होती. तिचं पुढचं चाक, चिमटा (चाक दोन्ही अंगांनी धरतो तो) आणि हँडल काढलं. मागं एक इंची चौकोनी पाइप लावला, १६ गेजचा. (दुकानदार १८ देत होता. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे मला तिथंच कळलं. नाहीतर मी जास्त आकडा म्हणजे जास्त मजबूत असंच धरून चाललो होतो.) ओळी १८ इंचांवर, म्हणून पास (जमीन कापणारं पातं) ९ इंची, दोन्ही अंगाला साडेचार इंच मोकळं.

पास केली जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याची. धार टिकते म्हणून सगळे तेच सांगतात. वेल्डिंग मारून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी पास मोडली. वेल्डिंग सुटलं नव्हतं बरं का, त्याच्या शेजारी पाटाच काचेसारखा तडकला. कुडचीच्या वेल्डरअण्णाला दाखवलं. तो कन्नडमध्ये बोलला, मी मराठीत, आणि मुद्दा दोघांना समजला: पाट्याचं लोखंड जास्त कार्बनचं, वेल्डिंगनं तापून झटकन निवलं की जोडाजवळ ठिसूळ होतं. नटबोल्टनं धर म्हणाला. पण पाट्यात ड्रिल जाईल तर शपथ, दोन बिटं जळाली. शेवटी भोकं पाडायची कड तेवढी चुलीत लालभडक केली आणि रात्रभर राखेत पुरून ठेवली. हळूहळू निवल्यामुळं मऊ पडली, सकाळी भोकं पडली. धारेची बाजू मात्र तापवायची नाही, नाहीतर तीही मऊ होते आणि सगळा खटाटोप पाण्यात.

दुसरी चूक माझ्या उंचीची. हँडल मी माझ्या कमरेला बेतून पक्कं केलं. कोळपायला जाते ती आमची मंडळी, माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. तिच्या हातात हँडल खाली यायचं, त्यासरशी पासेचं तोंड वर व्हायचं आणि पास नुसती जमीन चाटत जायची. मी म्हणायचो, जोर लाव. चार ओळी झाल्यावर तिनं ते बांधावर टाकलं आणि खुरपं घेतलं. आता हँडलच्या दांडीला पाच भोकं आहेत, दीड-दीड इंचावर. तिचं तिसरं, माझं पाचवं.

बेळगाव, अनगोळ

रायबागकर, ही पाच भोकं लाखमोलाची. नांगर-कोळप्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढं लोखंडी नांगर केला, आणि लोखंडानं जमीन नासते या समजुतीनं शेतकरी आधी तो हातात धरायला तयार नव्हते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती नंतरची गोष्ट. तुमच्या मंडळींनी चार ओळी तरी चालवून बघितलं!

निपाणी

माझी आई तीस वर्षं विड्या वळते. घरी बसून, मांडीवर सूप, पाय लांब केलेले. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा, असं दिवसाला हजारभर वेळा. तिची मान आणि कंबर बघून मी ठरवलं की आईला टेबल-खुर्ची करून द्यायची. पॉलिटेक्निकला जात होते, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. प्लायचं टेबल केलं, कडा घासल्या, वर सनमायका.

आई दोन दिवस बसली. माझ्या समाधानासाठी. तिसऱ्या दिवशी टेबलावर धुण्याची घडी होती.

मी रुसले. मग एका रविवारी तिच्या समोर वही घेऊन नुसती बसून राहिले. तेव्हा दिसलं की सूप मांडीवर असतं म्हणजे ते सपाट नसतंच. तिच्याकडे उतरतं असतं, म्हणून तंबाखू आपसूक बोटांशी येतो. टेबलावर तो पलीकडे पसरायचा आणि दर विडीला हात लांब करावा लागायचा. शिवाय कोपर सुपाच्या काठाला टेकतं, ते खुर्चीवर अधांतरी राहत होतं. तिचं दुखणं सुपामुळं नव्हतंच, पाठीला काही टेकू नाही आणि ढुंगण-पाय एका पातळीत, यामुळं होतं.

दुसऱ्यांदा केला तो पाट. उंची चार इंच फक्त, बसायची बाजू मागून पुढं किंचित उतरती. मागं फळीची पाठ, पण कमरेपर्यंतच. खांद्यापर्यंत केली तर वळताना खांदे अडकतात, हे पुठ्ठा धरून आधी बघितलं. सूप तिच्या मांडीवरच राहिलं. उजेड डावीकडून, कारण कात्री उजव्या हातात आणि सावली पानावर पडते. छोटा पंखा लावायचा माझा विचार तिनं ऐकूनच घेतला नाही, तंबाखू उडतो म्हणून. बरोबरच होतं.

पाट आता शेजारच्या तीन घरांत गेलाय. प्रत्येकीच्या पाठीचं माप वेगळं निघालं. टेबलावर अजून धुणंच असतं.

वडगाव

आमच्या घरी माग. कांड्या (मागाला लागणारं सूत गुंडाळलेल्या नळ्या) आजी भरायची, हातरहाटावर. तिचे खांदे गेले म्हणून मी शिलाई मशिनची मोटर बसवली, पायाच्या रेग्युलेटरसकट. पाऊण तासात जळका वास. शिलाई मोटर म्हणजे कार्बन ब्रशवाली, थांबत थांबत चालवायची, सलग पिळली की तापते. मग भंगारातल्या वॉशिंग मशिनची कॅपॅसिटरवाली मोटर घेतली, कपडे पिळायच्या बाजूची. ती शिलाई मोटरीइतकी लवकर तापत नाही पण वेग ठरलेला, मिनिटाला १३०० च्या पुढं. सूत तटातट तुटायला लागलं. चातीवरची (कांडी फिरवणाऱ्या दांडीवरची) पुली मोठी केली, मोटरवरची लहान ठेवली, तेव्हा जमलं.

खरी चूक वेगळीच. पट्ट्यावर झाकण नव्हतं. नंतर करू म्हटलं होतं. आठव्या दिवशी आजीचा पदर त्यात गेला. पट्टा ढिला होता म्हणून घसरला आणि मोटर नुसती घरघरत राहिली. घट्ट असता तर काय झालं असतं ते लिहवत नाही. त्याच दुपारी बिस्किटाचा डबा कापून झाकण केलं आणि आजीच्या हाताशी बंदचं बटण आणलं. आधी ते भिंतीवर होतं, माझ्या उंचीला.

चिकोडी

थोडक्यात. जी.आय. (जस्त चढवलेल्या) पाइपचा स्टँड बंद खोलीत वेल्डिंग केला. रात्री हुडहुडी भरून ताप, तोंडात धातूची चव. दुसऱ्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणाले, पाइपवरच्या जस्ताचा धूर. दूध प्यायलं की बाधत नाही असं सगळे सांगतात, मी दोन पेले प्यायलो होतो. आता जोडाच्या दोन्ही बाजूंचा मुलामा आधी घासून काढतो, उघड्यावर काम करतो आणि वाऱ्याकडं पाठ न करता वारा आडवा घेतो.

संकेश्वर

मिरची वाळवायला पत्र्याचा ट्रे केला होता. एप्रिलच्या उन्हात खालची बाजू करपून काळी. आता लाकडी चौकट आणि जाळी, जमिनीपासून दोन फूट वर. चौकटीला चाकं लावा, वळवाचा पाऊस विचारून येत नाही.

खानापूर

मी जांबोटी-कणकुंबीकडं वायरिंग आणि पंप दुरुस्तीला फिरतो. मोटरसायकलच्या मागं पेटी बांधली, बारा मिलिमीटरच्या साध्या प्लायची. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, मलप्रभा उगाच कणकुंबीत उगम पावत नाही. जुलैमध्ये पेटी पावासारखी फुगली, झाकण बसेना, हत्यारांना गंज. प्लायवर आयएस ३०३ (प्लायच्या मानकाचा नंबर) चा शिक्का होता, त्यातली घरातल्या कोरड्या जागेची जात. पाण्याला हवा ७१० चा. तोही पाणी पितो, कडेकडून. तेव्हा कापल्यावर प्रत्येक कडेला आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात रंग भरायचा, मगच जोडायचं.

पण फुगणं परवडलं. मी सगळं वजन मागच्या चाकाच्याही मागं नेऊन ठेवलं होतं. चोर्ला घाटात चढावर हँडल हलकं लागायला लागलं, वळवतोय तिकडं गाडी जाईना. उतरलो, अर्धी हत्यारं पोत्यात भरून टाकीवर घेतली आणि तसाच घरी आलो. आता दोन्ही बाजूंना दोन अरुंद पेट्या, जितक्या खाली जमतील तितक्या. जड ते पुढं आणि तळाला, म्हणजे चेन पुली, पाइप पाना. मल्टिमीटर वर.

पेट्या क्लॅम्पनं धरल्यात. मित्र म्हणाला, चासीला वेल्डिंग मारून टाक. मारलं नाही. चासी कमकुवत होते ते एक, आणि आर.सी.त नोंदलेल्यापेक्षा गाडीची रचना परस्पर बदलता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आमचं अर्धं गिऱ्हाईक कर्नाटकात, अर्धं पलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. दोन्हीकडच्या पोलिसांना दोन भाषांत समजावण्यापेक्षा चार क्लॅम्प बरे.

अथणी

माझं अजून फसलेलंच आहे, म्हणून विचारायला आलोय. आम्ही चपला करतो, कोल्हापुरी. आठवडी बाजारात बसून दुरुस्ती पण करतो. अरी (भोकं पाडायची), रापी (कातडं कापायची), हातोडा, कातडं आणि कुटायचा दगड, सगळं एका गाड्यावर राहील, झाकण उघडलं की तेच दुकान, असा गाडा बांधला. पेटी झकास झाली. चाकं घात करतात. पहिल्यांदा चार इंची नायलॉनची, फिरणारी लावली. फरशीवर पळतात, बाजाराच्या मातीत पहिल्याच खड्ड्यात रुतली. मग सायकलची दोन चाकं लावली, एका बाजूनं बोल्ट धरून. दीड महिन्यात दोन्ही चाकं फाकली, आस वाकला. वजन दगडासकट ऐंशी किलो असेल. जाड बोल्ट टाकू का?

बेळगाव, अनगोळ

अण्णा, बोल्ट जाड करून चाक वाचणार नाही. सायकलचं चाक चिमट्यात दोन्ही अंगांनी धरायला केलेलं असतं. तुम्ही एका अंगानं टांगलंत, वर गाडा वळताना आडवा दाब, तो त्याच्या तारांना सोसत नाही. रायबागकरांचं कोळपं चालतं कारण त्यांनी चिमटा ठेवला. एक तर तुम्हीही दोन्ही बाजूंनी चिमटा करा, पण मग गाडा रुंद होतो आणि बाजारात जागेवरून भांडणं. त्यापेक्षा जुन्या स्कूटरचं पुढचं चाक बघा, साडेतीन-दहाचा (साडेतीन इंच रुंद, दहा इंची रिंगचा) टायर असलेलं. ते मुळातच एका बाजूनं धरलेलं असतं, तेव्हा हब (चाकाचा मधला गड्डा), बेअरिंग, आस सगळं त्या हिशेबाचं. नुसती रिंग आणू नका, हब आसासकट काढून आणा. आणि चाकं पेटीच्या मधोमध नाही, दगड जिथं ठेवता त्याच्या खाली येऊ द्या, म्हणजे दांडी उचलताना वजन हातावर येणार नाही.

एक चाक माझ्याकडं पडून आहे, दुसरं बघून ठेवतो. बेळगावला याल तेव्हा घेऊन जा, पण येताना अरी आणि दोरा घेऊन या. माझ्या चपलेचा अंगठा पावसाळ्यापासून तुटलाय.