पुढचा हल्ला म्हणजे थेट युद्ध? मग युद्ध कधी करायचं हे ठरवणार कोण?

बांधावरचा
पहलगामजवळ बैसरनला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांना गोळ्या घातल्या. ७ मेच्या पहाटे आपण पाकिस्तानातल्या बहावलपूर (जैश-ए-मोहम्मदचा तळ), मुरीदके (लष्कर-ए-तैयबाचा तळ) यांसह नऊ ठिकाणी मारा केला आणि १० मेला दोन्हीकडच्या तोफा थंडावल्या. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच वेळी जाहीर झालेल्या पवित्र्याबद्दल: यापुढचा कुठलाही दहशतवादी हल्ला युद्धाची कृती मानला जाईल.

ऐकायला दमदार वाटतं. पण एकदा असं जाहीर केलं की युद्धाचा मुहूर्त दिल्ली काढत नाही, रायफल घेऊन कुरणात शिरलेली चार पोरं काढतात. ज्याला हे युद्ध हवंय त्याला तर आयतीच किल्ली मिळाली. शिवाय दर वेळी पायरी चढते आहे. उरीनंतर २०१६ मध्ये नियंत्रण रेषेच्या जरा पलीकडे, २०१९ ला बालाकोट, २०२५ ला थेट पाकिस्तानी पंजाब. आता पुढची पायरी कुठली, आणि तिच्यावरून खाली कसं यायचं?

यात चीन फुकटात कमावतो. शस्त्रव्यापाराची नोंद ठेवणाऱ्या 'सिप्री' या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२०-२४ या काळात पाकिस्तानने आयात केलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चिनी होती. मे महिन्यात चीन पाकिस्तानला आपल्या हालचालींची ताजी माहिती पुरवत होता, हे आपल्याच उपसेनाप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं. म्हणजे गोळी न झाडता त्यांच्या शस्त्रांची चाचणीही होते आणि आपण पश्चिमेला अडकूनही पडतो. इकडे हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) ४२, आणि मिग-२१ निवृत्त झाल्यावर हाताशी उरली २९.

मारू नका असं मी म्हणत नाही. कधी मारणार हे आधी बोलून दाखवू नका, एवढंच.

सरळसोट
साफ असहमत. मोघम राहण्याचा प्रयोग आपण करून बसलोय, आणि त्याची किंमतही मोजलीय.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला. सीमेवर सैन्य हलवायच्या 'ऑपरेशन पराक्रम'चा आदेश निघाला, पण मुख्य प्रहारदळं सीमेवर पोचायलाच तीनेक आठवडे लागले. तोवर पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ टीव्हीवर येऊन लष्कर-ए-तैयबा आणि जैशवर बंदी घालून मोकळे झाले आणि जगाने आपल्यालाच संयमाचे डोस पाजले. सैन्य दहा महिने सीमेवर उभं होतं. ते उभं असतानाच मे २००२ मध्ये जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या बायकापोरांना मारलं. ही झाली तुमच्या न बोललेल्या धमकीची जरब!

२००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर तर धमकीसुद्धा नाही. १६६ माणसं गेली. कटाचा सूत्रधार, 'लष्कर'चा लखवी २०१५ मध्ये जामिनावर बाहेर. मुरीदकेचं मुख्यालय २०२५ पर्यंत जागच्या जागी. समोरच्याला किंमत आधी कळली तरच तो विचार करतो. मनातल्या मनात धरलेल्या रागाला कोण भितो?

बांधावरचा
२००८ नंतर काहीच मिळालं नाही हे बरोबर नाही. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी स्वतः प्रत्युत्तराचा आग्रह धरला होता. पुढे त्यांनीच लिहिलं की न मारण्याच्या निर्णयातून जास्त पदरात पडलं. जग आपल्या बाजूने आलं. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ दहशतवादाचा पैसा रोखणाऱ्या 'एफएटीएफ' या आंतरराष्ट्रीय गटाच्या करड्या (म्हणजे नजरेखालच्या देशांच्या) यादीत होता. 'लष्कर'च्या हाफिज सईदला तिथल्याच कोर्टाने शिक्षा सुनावली ती याच काळात. 'जैश'चा म्होरक्या मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत आलं, चीनला अडवणूक सोडावी लागली.

सरळसोट
अझहर यादीत आला १ मे २०१९ ला. बालाकोट त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला. तारखा बघा की राव.

खाडीकाठ
दोघेही रावळपिंडीबद्दल, म्हणजे पाकिस्तानी लष्कराबद्दल भांडताय, घराच्या कडीकोयंड्याबद्दल कोणी बोलत नाही.

१९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांचं आरडीएक्स शेखाडीला समुद्रमार्गे उतरलं, रायगड जिल्ह्यात. वाटेत पोलीस होते, कस्टम होतं. त्यातल्या काहींनी डोळे मिटायचे पैसे घेतले आणि पुढे शिक्षाही भोगली. १२ मार्चला २५७ माणसं मेली. पंधरा वर्षांनी पुन्हा समुद्रच. 'कुबेर' ही आपलीच मासेमारीची बोट पळवून दहा जण आले, रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथल्या कोळ्यांनी हटकलंसुद्धा! ते ऐकून घ्यायला, पुढे कळवायला यंत्रणाच नव्हती. एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळ मानेसरमध्ये, विमान चंदीगडहून आणायचं. कमांडो मुंबईत पोचेपर्यंत सकाळ झाली. तोवर गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी रिकाम्या हातांनी कसाबची रायफल धरून ठेवली होती.

त्यानंतर एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा आली, मुंबईत एनएसजीचा तळ झाला, राज्य पोलिसांचं फोर्स वन कमांडो पथक झालं. बैल गेला नि झोपा केला, पण केला तरी. राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र मात्र २०१२ मध्ये मुख्यमंत्र्यांनीच हाणून पाडलं, अनेक पक्षांच्या एकजुटीने (अशी एकजूट एरवी कुठे दिसते?). आणि बैसरनला त्या दुपारी बंदोबस्तच नव्हता. नऊ तळ उडवलेत, छान. पण शेकडो पर्यटक असलेल्या त्या कुरणात पहारा का नव्हता?

काम कसं होतं ते गडचिरोलीत बघा. पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक १९९० चं. पोरं तिथलीच, गोंडी-माडिया बोलणारी, जंगल पायाखालचं. बाहेरून आलेल्या दलाला जी खबर महिनोन्महिने लागत नाही ती त्यांना बाजाराच्या दिवशी मिळते.

सरळसोट
सी-६० ला सलाम. पण नक्षलवाद्यांमागे अण्वस्त्रधारी देश उभा नव्हता. पहारेकऱ्याला रोज जिंकावं लागतं, हल्लेखोराला एकदाच. सगळा किनारा, सगळी कुरणं झाकणार आहात का?

आकडेमोड
मधेच एक तपशील. २०२५-२६ चं संरक्षण अंदाजपत्रक ६.८१ लाख कोटींचं. त्यात भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी आणि निवृत्तिवेतनाला सुमारे १.६१ लाख कोटी. माझगाव डॉकच्या सहा स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार २००५ चा, सहावी 'वागशीर' नौदलात दाखल झाली जानेवारी २०२५ मध्ये. या वेगाने एका हाताने पाकिस्तानला जरब आणि दुसऱ्याने हिंदी महासागरात चीनला अटकाव, हे कसं जमायचं ते दोन्ही बाजूंनी सांगावं. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांसाठी चीनकडे गेलंसुद्धा.

बांधावरचा
आकडेमोड, माझा मुद्दा तोच आहे.

सरळसोट, एकच विचारतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात ४० जवान मारणारा गाडीवाला त्याच जिल्ह्यातला होता. उद्या असंच कोणी स्थानिक निघालं तर युद्ध कुणाशी?

सरळसोट
ज्यांनी त्याला घडवलं त्यांच्याशी. एनआयएच्या आरोपपत्रात अझहरचं नाव आहे.

बांधावरचा
आरोपपत्र ऑगस्ट २०२० चं. विमानं बालाकोटला गेली हल्ल्यानंतर बाराव्या दिवशी. मारा आधी आणि कागद दीड वर्षांनी, हे दोन अण्वस्त्रधारी देशांत चालेल असं तुमचं म्हणणं असेल तर तसं सरळ लिहा.

सरळसोट
चालेल. बारा दिवससुद्धा जास्तच झाले.