अनुभव सांगा : बाईच्या नावावर काही आलं, तेव्हा घरात काय बदललं?

महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर २००५ला हिंदू वारसा कायदा बदलला, मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला. कायदा सगळ्यांना ठाऊक आहे. मला उत्सुकता पुढची आहे : कोण कुणाकडे राहायला लागलं, लग्नं कधी व्हायला लागली, खर्चाचं कोण ठरवतं? मोकळेपणाने लिहा.

रानजाई : माझं लग्न १९९४च्या आधीचं, म्हणून राज्याच्या कायद्यात मी बसतच नव्हते. २००५नंतर बसले, तोवर भावाने हक्कसोडपत्र तयारच ठेवलेलं. मोठ्या बहिणीने दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही केली, साडी घेऊन परतली. मी नाही केली. दोन-तीन दिवाळ्या माहेरचं बोलावणं आलं नाही. पुढे आईला पक्षाघात झाला, तेव्हा ती माझ्याकडे आली ती कायमचीच. 'लेकीच्या दारात कशी राहू' म्हणणारी आई आता सातबाऱ्यावरच्या माझ्या नावाचा हवाला देते : 'हिच्या जमिनीचंच खाते मी.' सासूबाईही याच घरात. दोघींचा टीव्हीवरून रोज वाद.

मांडवीकाठ : आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून लग्न झालं की, वेगळा करार नसेल तर, दोघांची मालमत्ता सामायिक. घर विकायला बायकोची सही लागतेच. म्हणून सगळं आलबेल आहे असं समजू नका हं. आजोबांच्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं काम, वर्षानुवर्षं चालली आहे आणि आत्यांवर 'तुमचा वाटा सोडा' हा दबाव इथेही आहेच.

बालाघाटी : जमीन असणाऱ्यांचं झालं, आता आमचं ऐका. बीडकडं ऊसतोडीला मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, उचलही निम्मी. म्हणून पोरगं हाताशी आलं की घरचे सून शोधतात, अन् पोरीचं वय कुणी बघत नाही. माझ्या आईनं फडात राबून कमावलं, पण उचलीचे पैसे कधी तिच्या हातात पडले नाहीत. धाकटी बहीण आजीपाशी राहून शिकली, नर्स झाली. पगार तिच्या खात्यात येतो. तिनं लग्न पंचविशीनंतर केलं, तेही स्वतः बघून. आई आता फडावर जात नाही. बहिणीनं साफ सांगितलं, 'जायचं नाही.' वडलांना बोलता आलं नाही.

दादा_एकटा : भावाची बाजूही लिहितो. शेती मी कसली, कर्ज माझ्या नावावर. बहिणींना वाटा द्यायला ना नाही, पण सोसायटीच्या थकबाकीतला वाटा कोणी मागत नाही.

रानजाई : @दादा_एकटा, मी मागितला होता. भाऊ कर्जाची कागदपत्रं दाखवायला तयार नव्हता.