गोल चेहऱ्याला शोभेल अशी हॅट कशी निवडावी?

दांडियाबाजार
बडोद्यात १४ जानेवारीला, म्हणजे उत्तरायणाला, आणि दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, आमचे सारे कुटुंब पतंग उडवायला दिवसभर गच्चीवर असते. गालांवर वांग आल्यामुळे डॉक्टरांनी ऊन टाळण्यास बजावले आहे, म्हणून या वर्षी चांगली हॅट घ्यायचीच असे ठरवले आहे. माझा चेहरा गोल, गाल भरलेले आणि मान आखूड आहे. शिवाय चष्मा आहे आणि केस लांब असल्यामुळे मी अंबाडा घालते. मंगळबाजारात बऱ्याच हॅट घालून पाहिल्या, पण डोक्याला चापून बसणाऱ्या सुती टोपीत चेहरा अधिकच वाटोळा दिसतो आणि रुंद काठाची गवती हॅट घातली की मान दिसेनाशी होते. उन्हापासून बचावही होईल आणि चेहऱ्यालाही खुलून दिसेल, असा कोणता आकार घ्यावा?

रावपुरा
प्रथम केस मागे बांधून आरशात चेहऱ्याची लांबी आणि गालफडांची रुंदी ताडून पाहा. दोन्ही जवळजवळ सारखी असतील आणि हनुवटीची कड मऊ, वळणदार असेल, तर चेहरा खरोखरच गोल आहे. अशा चेहऱ्याला हॅटकडून उंची हवी असते. त्यामुळे जिचा माथा थोडा उंच आहे आणि समोरून चिमटा घेतल्यासारखा दबलेला आहे, अशी फेडोरा पद्धतीची हॅट आपल्याला शोभेल. माथ्याची रुंदी मात्र गालफडांहून कमी नसावी, कारण अरुंद माथ्याखाली भरलेले गाल अधिक भरलेले दिसतात. घुमटासारख्या माथ्याची टोपी गालांचीच गोलाई डोक्यावर पुन्हा उमटवते. आपल्याला ती शोभली नाही याचे कारण हेच.

काठाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. उन्हासाठी काठ निदान ३ इंच असावा असे सांगितले जाते आणि वांगाचा त्रास असताना त्यात तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु हा काठ सगळीकडे सारखा असण्याची गरज नाही. पुढे आणि बाजूंना रुंद, मागे आखूड किंवा वर वळवता येणारा काठ घ्या. मान मोकळी राहते, आणि पतंगाकडे पाहण्यासाठी डोके मागे टाकल्यावर मागचा काठ पाठीला टेकून हॅट पुढे ढकलली जाण्याचा त्रासही होत नाही. दुकानात प्रत्येक हॅट घालून छताकडे पाहा. जी त्या वेळी हलेल, ती गच्चीवर निरुपयोगी आहे.

सयाजीगंज
नाटकांच्या वेशभूषेचे काम करत असल्यामुळे मापाविषयी थोडे लिहिते. भुवयांच्या वर आणि कानांच्या बोटभर वर टेप धरून, मागच्या फुगीर भागावरून डोक्याचा घेर मोजा. सेंटीमीटरमध्ये जो आकडा येईल, तोच बहुतेक हॅटचा नंबर असतो. घेर ५८ आला तर ५८ नंबरची हॅट. हे माप त्या दिवशी जशी केशरचना करणार आहात तशीच करून घ्यावे. अंबाडा मानेजवळ खाली बांधा, कारण तो वर असला की हॅट पुढे कलते आणि तिचा काठ चष्म्याच्या काचांवर येतो. गवती हॅट उजेडासमोर धरून पाहा. विणीतून जितके कवडसे दिसतील, तितके ऊन चेहऱ्यावर येणार. कापडी हॅटवर यूपीएफ ५० असे लिहिलेले असेल, तर त्या कापडातून अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. वारा असणारच, तेव्हा हनुवटीखाली बांधायची दोरीही हवी.

दांडियाबाजार
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या मुलाचा चेहरा लांबट आणि कपाळ उंच आहे. त्यालाही अशीच हॅट चालेल का?

रावपुरा
नाही, त्याच्यासाठी उलट विचार करावा लागेल. माथा बसका, काठ रुंद, आणि हॅट कपाळावर थोडी खाली ओढलेली असावी, म्हणजे चेहऱ्याची लांबी मध्येच अडते. आपण मात्र ती किंचित वर आणि जराशी तिरपी ठेवा. तिरप्या रेषेमुळे गालांची दोन्ही बाजूंची सारखी गोलाई मोडते. टोपी कपाळावर कुठे टेकते यावर चेहरा किती बदलतो, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्या बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांना १८८१ मध्ये राज्याधिकार मिळाले, त्या सुमारास राजा रविवर्मा यांनी त्यांचे चित्र रंगवले होते. अशा चित्रांत पगडीवरचे रत्नजडित अलंकार नजर वर खेचतात आणि भरलेला चेहराही रेखीव वाटतो, असे मला नेहमी जाणवते.

सयाजीगंज
एक गोष्ट राहिली. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांवर पांढरा चायना मोझेक, म्हणजे चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, असतो आणि त्यावरून उसळणारे ऊन खालून थेट गालांवर येते. ते कोणतीही हॅट पूर्णपणे अडवत नाही, पण काठाची खालची बाजू गडद रंगाची असेल तर ते ऊन तिच्यावर आदळून पुन्हा चेहऱ्यावर येण्याचे प्रमाण कमी होते. म्हणून वरून फिकट आणि आतून गडद अशी हॅट निवडा, आणि सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा.