विमान इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांची सक्तीची तपासणी: हिशेब तासांचा नव्हे, चक्रांचा का?

प्रश्न (यांत्रिकी विद्यार्थी, कोथरूड)
नमस्कार. धातूच्या थकव्यावरील प्रकल्पासाठी मी 17 एप्रिल 2018 च्या साउथवेस्ट एअरलाइन्सच्या अपघाताचा अभ्यास करीत आहे. त्या बोइंग 737-700 च्या सीएफएम56-7बी इंजिनाचे एक पाते मुळाशी तुटले, एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला आणि तीनच दिवसांनी अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेने 30,000 हून अधिक चक्रे झालेली पाती 20 दिवसांत तपासण्याचा तातडीचा आदेश काढला. हा हिशेब उड्डाणाच्या तासांवर का नाही, आणि भेग आढळलेले पाते दुरुस्त न करता थेट बाद का करतात?

उत्तर 1 (निवृत्त विमान देखभाल अभियंता, विमाननगर)
इंजिन सुरू होऊन विमानाने उड्डाण केले, ते उतरले आणि इंजिन बंद झाले की एक चक्र पूर्ण होते. उड्डाणाच्या वेळी पंखा पूर्ण वेगाने फिरत असताना प्रत्येक पात्याच्या मुळावर कित्येक टनांची ओढ येते आणि इंजिन थांबल्यावर ती नाहीशी होते. भेग वाढते ती मुख्यतः या चढउतारामुळे. पुण्यात दर थांब्यावर थांबत स्वारगेट-शिवाजीनगर धावणाऱ्या पीएमपीच्या बसचे ब्रेक नागपूरला जाणाऱ्या बसच्या आधी झिजतात, तसेच हे आहे.

दुरुस्तीविषयी सांगायचे तर, खडा किंवा पक्षी लागून पात्याच्या कडेला पडलेली खाच ठरावीक मर्यादेत घासून गुळगुळीत करता येते. मुळाशी मात्र वेल्डिंग केल्यास उष्णतेने टायटॅनियमची अंतर्गत रचना बदलते, आणि तेही जिथे ताण सर्वाधिक आहे तिथेच. नवे पाते बसवतानाही केवळ वजन जुळून भागत नाही, कारण ते वजन पात्यात कुठे एकवटले आहे यावर पंख्याचा समतोल ठरतो.

उत्तर 2 (एनडीटी, म्हणजे भाग न मोडता तपासणी करणारा तपासनीस, भोसरी)
साहेबांनी म्हटले ते योग्यच आहे, परंतु माझ्या दृष्टीने खरा धडा तपासणीच्या पद्धतीत आहे. तुटलेल्या पात्याची 32,000 हून अधिक चक्रे झाली होती. 2012 च्या ओव्हरहॉलमध्ये त्याची फ्लुरोसंट पेनिट्रंटने (भेगेत शिरून चमकणाऱ्या द्रवाने) तपासणी झाली होती आणि भेग बहुधा तेव्हाच अस्तित्वात होती, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. ज्यांनी लेथची क्रॉस-स्लाइड उघडली असेल त्यांना डव्हटेल, म्हणजे तळाशी रुंद असलेला खाचेतला सांधा, ठाऊक असेल. पात्याचे मूळही चकतीच्या खाचेत तसेच बसते, त्यामुळे जागेवर असताना तिथली भेग नजरेला पडतच नाही. आपल्याकडे अशा पेनिट्रंट तपासणीला सरसकट ‘डीपी मारणे’ म्हणतात; त्या चाचणीत द्रव आत शिरण्यासाठी भेगेचे तोंड उघडे आणि स्वच्छ असावे लागते. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) आणि एडी करंट (धातूत निर्माण केलेल्या विद्युतप्रवाहाची) या पद्धतींना ती अट नाही. म्हणूनच 2018 नंतरच्या आदेशांचा भर अल्ट्रासॉनिकवर राहिला, आणि पुनर्तपासणीचे अंतर आधी 3,000 व नंतर 1,600 चक्रे असे कमी होत गेले.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग 30,000 चक्रांनंतर सर्वच पाती बदलून टाकणे अधिक सुरक्षित ठरणार नाही का?

उत्तर 3 (निवृत्त विमान देखभाल अभियंता, विमाननगर)
एका इंजिनात 24 पाती असतात आणि अशी हजारो इंजिने वापरात आहेत. त्यांपैकी भेगाळलेली पाती अगदी मोजकीच निघतात. खर्च हा भाग बाजूला ठेवला तरी भेग 30,000 ची वाट पाहील, याची खात्री कोण देणार? 20 फेब्रुवारी 2021 रोजी अमेरिकेत डेन्व्हरजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग 777 चे पोकळ पाते तुटले, तेव्हा मागील तपासणीनंतर त्याची 2,979 चक्रेच झाली होती, आणि पुढची तपासणी 6,500 चक्रांनी अपेक्षित होती. अंतर असे हवे की भेग घातक होण्यापूर्वी ती सापडण्याची संधी किमान दोनदा मिळावी. आपण भेगवाढीचा आलेख काढणार असाल, तर आडव्या अक्षावर चक्रे घ्यावीत आणि त्यावर 1,600 च्या अंतराने रेषा आखून पाहाव्यात.