पहिला खर्डा झाल्यावर तुम्ही काय करता? : अनुभव धागा

कॉलेजात शिकता शिकता लिहिणाऱ्या सगळ्यांना हे आवतण. निबंध, कथा, कविता, प्रकल्प अहवाल, काहीही चालेल. पहिला खर्डा कागदावर उतरल्यापासून तो हातावेगळा होईपर्यंत काय काय घडलं ते सांगा. 'वाचन वाढवा' छापाचे सल्ले नकोत. कोणतं वाक्य उडवलं, का उडवलं आणि उडवताना जिवावर आलं का, ते हवं आहे. सुरुवात मी करते.

इतिहास, दुसरं वर्ष

दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत कामाला लागलेल्या स्त्रियांवर निबंध होता. पहिला खर्डा आठ पानांचा झाला. १९३९पासून सुरुवात, मग साल पुढे सरकेल तसा मजकूर पुढे. तीन दिवस त्याच्याकडे बघितलंच नाही. चौथ्या दिवशी वाचला, तर सातव्या पानापर्यंत एकही ओळ मला अडवून धरत नव्हती. आठव्या पानावर मात्र एक वाक्य होतं: युद्ध संपल्यावर या बायका घरी परतल्या असं आपण सहज म्हणतो, पण त्यांतल्या अनेकींना परतायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं ते हेच, आणि ते मला आठ पानं लिहून झाल्यावर कळलं होतं.

ते वाक्य उचलून पहिल्या पानावर ठेवलं. ठेवल्याबरोबर मधली साडेतीन पानं उघडी पडली. शस्त्रास्त्रांच्या उत्पादनाची माहिती, तारखा, सगळं ग्रंथालयात बसून मिळवलेलं होतं, बरोबर होतं, पण त्या वाक्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ते काढताना खरंच जिवावर आलं. आता मी पहिल्या खर्ड्याचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात आधी वाचते. माझा मुद्दा बहुतेक वेळा तिथे जाऊन बसलेला असतो.

वाणिज्य, पहिलं वर्ष

माझ्या तीन निबंधांची सुरुवात 'आजच्या धकाधकीच्या युगात' अशी होती. मध्ये एक रात्र जाऊ दिली म्हणून दिसलं. शाळेपासून हाताला लागलेलं वळण आहे ते. आता पहिला परिच्छेद झाकतो आणि दुसऱ्यापासून वाचून बघतो. काही अडलं नाही तर पहिला जातो.

मराठी साहित्य, तिसरं वर्ष

माझं जरा लांबेल. माझा धाकटा भाऊ बोलताना अडखळतो. त्याच्यावरून एक कथा लिहिली. पहिल्या खर्ड्यात त्याचा प्रत्येक संवाद मी टिंबांनी भरला होता, अक्षरं दोनदा-तीनदा लिहिली होती. वाचणाऱ्याला ते ऐकू यायला हवं, असं वाटत होतं. एरवी मी खर्डा दार लावून मोठ्याने वाचते. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य बिघडलेलं असतं. जिथे माझ्या तोंडून आपोआप वेगळाच शब्द निघतो, तिथे बहुधा कागदावरचा शब्द चुकलेला असतो. या वेळी मात्र भावालाच समोर बसवलं. वाचता वाचता माझा आवाज खाली गेला. त्याचे संवाद त्याच्यासमोर मला तसे म्हणवेनात. वाचून संपल्यावर तो म्हणाला, "ताई, मी शब्दाच्या सुरुवातीला अडकतो. तू मला मध्ये, शेवटी, कुठेही अडकवलंयस." मग थोडं थांबून, "आणि मी अडकतो तेव्हा समोरचा काय करतो, ते तू लिहिलंच नाहीस."

दुसरा खर्डा मी पहिला समोर न ठेवता लिहिला. दोन जागा सोडल्या तर सगळी टिंबं गेली. आता कथेत दिसतात ती भोवतालची माणसं. त्याचं वाक्य स्वतःच पुरं करणारे काका, त्याचं उत्तर येईपर्यंत घड्याळाकडे बघणारा खिडकीमागचा कारकून, आणि त्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या वतीने उत्तर देऊन मोकळी होणारी बहीण. ती बहीण पहिल्या खर्ड्यात नव्हतीच. दुसऱ्यातही नव्हती. ती लिहायला मला चौथा खर्डा लागला.

रसायनशास्त्र, तिसरं वर्ष

अहवालाचं पुनर्लेखन म्हणजे भाषा साफ करणं, असं मला वाटायचं. 'मोजमाप करण्यात आले', 'निरीक्षण नोंदवण्यात आले' अशी वाक्यं मोडून 'आम्ही मोजलं', 'आम्ही नोंदवलं' असं करत चाललो होतो. एका वाक्यापाशी अडलो: 'एक वाचन वगळण्यात आले.' वाचन म्हणजे मोजून आलेला एक आकडा. तिथे 'आम्ही वगळलं' लिहिलं की पुढे 'का' आलंच. प्रयोगवहीत शोधलं, कारण कुठेच नव्हतं. ते वाचन बाकीच्यांच्या ओळीत बसत नव्हतं, इतकंच. माझ्या जोडीदाराला बोलावलं. दोघांनी मिळून ते वाचन परत घातलं, सरासरी नव्याने काढली, आलेख बदलला आणि निष्कर्षातलं 'स्पष्टपणे दिसून येते' काढून टाकलं. कर्ता लपवणारं वाक्य दिसलं की आता मी तिथे थांबतो.

शिक्षणशास्त्र, पदव्युत्तर

हे सगळं वाचताना लेखनाच्या अमेरिकन अभ्यासक नॅन्सी सॉमर्स यांचा १९८० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवला. त्यांनी २० विद्यार्थी आणि २० अनुभवी लेखक घेतले. प्रत्येकाकडून तीन लेख लिहून घेतले आणि प्रत्येक लेख दोनदा सुधारून घेतला. विद्यार्थ्यांचं लक्ष मुख्यतः शब्दांवर होतं. एखादा शब्द पुन्हा आला की त्याच्या जागी दुसरा. अनुभवी लेखक आधी लेखाची मांडणी शोधत होते, वाचणाऱ्याच्या नजरेने बघत होते. मी हे वाचलं तेव्हा माझा स्वतःचा खर्डा शेजारीच पडलेला होता, आणि त्यावर मी केलेली सगळी खाडाखोड शब्दांचीच होती.

त्या दिवसापासून क्रम उलटा केला. आधी प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एका ओळीत लिहिते, हा काय सांगतो. दोन परिच्छेदांसमोर तीच ओळ आली तर एक काढते. ओळ सुचलीच नाही तर तो परिच्छेद मला स्वतःलाच कळलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं अगदी शेवटी. जो परिच्छेद उद्या काढायचा आहे, त्यातल्या वेलांट्यांवर आजची संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही.

इंग्रजी साहित्य, तिसरं वर्ष

खर्डा दुसऱ्याच्या हातात देण्याबद्दल सांगते. माझ्या कवितेतलं शेवटचं कडवं सोडून बाकी सगळ्यावर मैत्रिणीने पेन्सिलीने रेघा मारल्या. मी इतकी हिरमुसले की उरलेलं कडवंही काढायला निघाले. तिने कागद ओढून घेतला आणि म्हणाली, "हे नाही जायचं. बाकीचं मी याच्यासाठीच काढलंय."

पुढे कवी टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' या दीर्घ कवितेबद्दल वाचताना हीच गोष्ट भेटली. कविता १९२२ची, आणि त्याचा कवीमित्र एझरा पाउंडच्या खुणा असलेलं तिचं हस्तलिखित १९७१मध्ये छापून आलं. पाउंडने चौथ्या भागाचा बहुतेक मजकूर काढायला लावला. उरलेल्या, बुडालेल्या खलाशाच्या १० ओळीही काढू का, असं एलियटने विचारलं, तेव्हा त्या राहिल्याच पाहिजेत असं पाउंडने कळवलं. आपला खर्डा वाचायला देताना मी आता दोन्ही विचारते: काय काढू, आणि कशाला हात लावू नको.

समाजशास्त्र, दुसरं वर्ष

माझा अनुभव उलटा आहे. एक लेख सात वेळा सुधारला. पहिल्या खर्ड्यात मी घरी बोलतो तशी वाक्यं होती, आखूड आणि थोडी ओबडधोबड. सातव्यात सगळी गुळगुळीत झाली होती आणि लेख कुणाचाही वाटत होता. बरं झालं, प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा ठेवला होता. मांडणी सातव्याची घेतली, वाक्यं पहिल्याची.

राज्यशास्त्र, पहिलं वर्ष

माझा पहिला खर्डा आत्ता टेबलावर आहे. वरचं वाचून काल तो रूममेटला दिला. कसा वाटला, असं मुद्दाम विचारलं नाही. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवायला सांगितला आणि विचारलं, "मी काय म्हणतेय?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मतदान न करणारी माणसं बेफिकीर नसतात, असं काहीतरी म्हणतेयस ना?" सहा पानांत मी हे एकदाही असं सरळ लिहिलेलं नव्हतं. तिचं वाक्य आहे तसं कोऱ्या कागदावर उतरवून घेतलंय. आज रात्री तिथून लिहायला बसणार आहे.